स्कीमा कुठे गेला नाही, तो किल्लीत जाऊन बसलाय

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर की-व्हॅल्यू डेटाबेसबद्दल (प्रत्येक नोंदीला एक ओळखनाव, म्हणजे की, द्यायची आणि ती सांगून नोंद, म्हणजे व्हॅल्यू, परत मागायची) जे आलं होतं ते वाचलं आणि दोन दिवस गप्प बसलो, म्हटलं जाऊ दे. पण आज कॉम्प्युटरवर एक जॉब लावलाय, तो संपायला तीन-चार तास तरी जाणार, त्याच्यासमोर बसून नुसता आकडा वाढताना बघण्यापेक्षा म्हटलं पत्रच लिहू. लेखाचा सूर असा होता की या डेटाबेसना स्कीमा, म्हणजे डेटाचा आधी ठरवलेला साचा, लागत नाही, टेबलं आणि कॉलम ठरवत बसायची कटकट नाही, येईल तो डेटा टाकायचा आणि कामाला लागायचं. यातलं पहिलं फार तर अर्धवट खरं आहे, आणि दुसरं खरं मानून मी आठ महिने खड्ड्यात काढलेत, म्हणून हा खटाटोप.

आधी एक खुलासा. आम्ही ऑफिसात 'की' म्हणतो, पण मराठीत 'की' लिहिलं की ते अव्यय वाटतं (बघा, इथेच झालं), म्हणून इथून पुढे किल्ली लिहितोय, 'प्रायमरी की' सारखी ठरलेली नावं तेवढी तशीच. आणि उदाहरणातल्या किल्ल्या तुमच्या वाचकांसाठी देवनागरीत लिहिल्यात, प्रत्यक्षात आम्ही त्या रोमन अक्षरांत ठेवतो, त्याचं कारण पुढे येईल.

मी ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. पंधरा वर्षं रिलेशनल डेटाबेसवर काढली, म्हणजे जिथे डेटा एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवतात. त्यात डोकं एका ठराविक पद्धतीने चालायला लागतं, नवीन काम आलं की त्यातली नामं शोधायची, वाचक, पुस्तक, प्रत, देवघेव, प्रत्येक नामाचं एक टेबल, मग कोणाचा कोणाशी संबंध त्याच्या रेघा, कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली दिसली की हात शिवशिवतात आणि ती काढून तिसऱ्या टेबलात जाते. हे सगळं झाल्यावर मग विचार करायचा की स्क्रीनवर काय दाखवायचंय. तोपर्यंत प्रश्न काय येणार याची फिकीरच नसते, कारण टेबलं जोडायला जॉइन आहे, अट घालायला वेअर आहे, वेळ आली तर एक इंडेक्स (लवकर सापडावं म्हणून केलेली सूची) टाकू, कुठल्या वाटेने आणायचं ते डेटाबेसमधला प्लॅनर बघून घेईल. ही चैन आहे हे मला ती गेल्यावर कळलं.

आणि ही चैन आपोआप आलेली नाही. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये जो पेपर लिहिला, ज्यातून हे सगळं रिलेशनल प्रकरण उभं राहिलं, त्यात त्यांची सुरुवातीची तक्रारच ही आहे की त्या काळचे प्रोग्रॅम तीन गोष्टींवर अवलंबून राहतात, डेटा कुठल्या क्रमाने ठेवलाय, कुठले इंडेक्स आहेत, आणि डेटापर्यंत कुठल्या वाटेने जायचं. यातलं काही बदललं की प्रोग्रॅम मोडतो. ते म्हणाले हे तोडा, प्रोग्रॅमने फक्त काय पाहिजे ते सांगावं, कसं आणायचं ते डेटाबेस ठरवेल. मी हा पेपर कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता. की-व्हॅल्यूवर तोंड फोडून घेतल्यानंतर परत वाचला तेव्हा हसायला आलं, कारण कॉड यांनी ज्या तीन गोष्टींना रोग म्हटलं होतं त्याच तीन गोष्टी आता माझ्या डिझाइनचं मुख्य काम झाल्या होत्या. क्रम, इंडेक्स, वाट. इथे या तीन गोष्टी आधी ठरवायच्या आणि मग त्यात डेटा ओतायचा. म्हणजे स्कीमा आहेच, आणि रिलेशनलपेक्षा जास्त ताठर आहे, फक्त तो टेबलाच्या व्याख्येत न दिसता किल्लीच्या रचनेत आणि तुमच्या कोडमध्ये लपलेला असतो.

लेखात याला नवं तंत्रज्ञान म्हटलंय तेही जरा खटकलं. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांपैकी एक केन थॉम्पसन, त्यांचं डीबीएम १९७९ च्या युनिक्समध्ये आलं, किल्ली द्या व्हॅल्यू घ्या, एवढंच. नवं काय आहे तर हेच काम हजारो मशीनवर वाटून करणं. ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो या आपल्या की-व्हॅल्यू डेटाबेसचा पेपर काढला, त्यांनी नंतर सांगितलं की आपल्याच डेटाबेसचा वापर तपासला तेव्हा जवळपास ७० टक्के कामं अशी निघाली की प्रायमरी की (ओळीची मुख्य किल्ली) द्यायची आणि एक ओळ घ्यायची, जॉइन वगैरे काही नाही. मग एवढं जड यंत्र कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यातून पुढे २०१२ मध्ये डायनॅमोडीबी आलं, जे मी वापरतो, त्यामुळे पुढचे आकडे त्याचे आहेत, पण डोकं लावायची पद्धत बाकीच्यांनाही साधारण तीच.

आता माझा पहिला पराक्रम सांगतो. रिलेशनलमध्ये चार टेबलं होती, मी इथेही चार टेबलं केली. वाचक, पुस्तक, प्रत, देवघेव, प्रत्येकाला आपापला नंबर ही किल्ली. देखणं दिसत होतं. मग वाचकाचं पान करायला घेतलं, ज्यावर वाचकाचं नाव आणि त्याच्याकडे सध्या असलेली पुस्तकं दिसायला पाहिजेत. वाचक आणला, डेटाबेसकडे एक फेरी. आता त्याच्याकडची पुस्तकं? देवघेवीची किल्ली आहे देवघेवीचा नंबर, आणि तो तर मला माहीतच नाही, मला वाचकाचा नंबर माहितेय. मग मी स्कॅन लावला, म्हणजे सगळं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं, आणि त्यावर फिल्टर टाकला की वाचक अमुक असेल त्याच नोंदी दे. चाललं. टेस्टमध्ये झकास चाललं, कारण टेस्टमध्ये चाळीस नोंदी होत्या. आलेल्या प्रत्येक देवघेवीसाठी प्रतीची एक फेरी, प्रतीवरून पुस्तकाची एक फेरी, म्हणजे जो जॉइन डेटाबेस करायचा तो मी फॉर लूपमध्ये, एकेक नोंद घेऊन, स्वतः करत होतो.

लाइव्ह गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात टीममधली एक मुलगी म्हणाली, "सर, फिल्टर लावलाय ना आपण, सहाच ओळी येतायत, मग बिल असं का वाढतंय?" मी तिला म्हटलं तू जा जेवून ये मी बघतो, आणि ती गेल्यावर डॉक्युमेंटेशन उघडलं, खरं तर हे आधी उघडायला हवं होतं. फिल्टर वाचून झाल्यावर लागतो. म्हणजे डेटाबेस सगळं टेबल वाचतो, त्याचे पैसे लावतो, आणि मग न लागणाऱ्या ओळी फेकून उरलेल्या तुम्हाला देतो. हिशोब करून बघा. दोन लाख देवघेवी, प्रत्येक सुमारे ५०० बाइटची, म्हणजे १० कोटी बाइट. एका फेरीत जास्तीत जास्त १ एमबी वाचता येतं, म्हणजे पंच्याण्णव-शहाण्णव फेऱ्या. वाचनाचं माप ४ केबीला एक युनिट, म्हणजे २४ हजारांच्या वर युनिट, थोडा शिळा डेटा चालत असेल तर त्याच्या निम्मे. कशासाठी, तर एका वाचकाच्या सहा ओळींसाठी. त्याच सहा ओळी एका किल्लीखाली शेजारी-शेजारी असत्या तर ३ केबी, म्हणजे एक युनिट, शिळ्या वाचनाला अर्धं. चोवीस हजार विरुद्ध एक. रिलेशनलमध्ये इंडेक्स विसरलात तर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हळू चालते आणि कोणीतरी बोंब मारतं, इथे ती निमूट चालत राहते आणि बिल येतं.

ग्रंथालयवाल्यांनाच हे आधी समजलं, मला नंतर. आमच्या एका ग्राहक ग्रंथालयात जुना कार्ड कॅटलॉग अजून ठेवलाय, लाकडी कप्प्यांचा. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला दाखवलं, एकाच पुस्तकाची तीन कार्डं असतात, एक लेखकाच्या कप्प्यात, एक शीर्षकाच्या, एक विषयाच्या. मी म्हटलं पुस्तकाचं नाव तीन ठिकाणी लिहिलंय, चूक झाली तर? त्या म्हणाल्या, "अहो, वाचक येऊन तीनच तऱ्हेने विचारतो ना, म्हणून तीन कप्पे. चौथ्या तऱ्हेने विचारायला लागले असते तर चौथा केला असता." मला पंधरा वर्षांत कोणी असं सांगितलं नव्हतं. वाचक जसा विचारतो तसा कप्पा करा, आणि कप्प्यात कार्ड लिहिताना परत दुसऱ्या कप्प्याकडे जावं लागणार नाही एवढं त्याच्यावर लिहा. की-व्हॅल्यूचं डिझाइन म्हणजे शब्दशः एवढंच आहे.

मग परत बसलो, या वेळेला टेबलं काढली नाहीत, एका कागदावर प्रश्न लिहिले. अमुक वाचकाकडे आत्ता काय आहे. ही प्रत कोणाकडे आहे. आज कोणाची परत करायची तारीख आहे. या पुस्तकाच्या किती प्रती आहेत आणि किती आत आहेत. असे करत बावीस-तेवीस प्रश्न झाले. प्रत्येकापुढे लिहिलं की दिवसातून किती वेळा विचारला जाईल, उत्तरात किती ओळी येतील, आणि उत्तर ताजं पाहिजे की दोन सेकंद जुनं चालेल. हा कागद म्हणजेच स्कीमा. कॉलमची यादी नंतर झाली आणि तिला फार वेळ लागला नाही.

वाचकाचा प्रश्न असा सुटला. पार्टिशन की, म्हणजे नोंद डेटाबेसच्या कुठल्या भागात जाणार ते ठरवणारी किल्ली, 'वाचक#००४१२'. तिच्याखाली सॉर्ट की, म्हणजे नोंदींचा आतला क्रम लावणाऱ्या किल्ल्या, वेगवेगळ्या. एक नोंद 'माहिती', तिच्यात नाव, सदस्यत्व कधी संपतं वगैरे. बाकी नोंदी 'देवघेव#२०२४-०३-१५#प्रत-८८१' अशा. आता 'वाचक#००४१२' एवढं विचारलं की वाचक आणि त्याच्या देवघेवी एकाच फेरीत येतात, आणि फक्त देवघेवी हव्या असतील तर 'देवघेव#' ने सुरू होणाऱ्या द्या म्हणायचं, मार्चमधल्या हव्या तर 'देवघेव#२०२४-०३' ने सुरू होणाऱ्या. किल्लीतच तारीख, किल्लीतच प्रकार. दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी एकाच टेबलात शेजारी ठेवायच्या हे बघून माझ्यातल्या जुन्या माणसाला अक्षरशः मळमळलं होतं, ते खोटं कशाला सांगू.

त्याहून जास्त त्रास झाला तो पुस्तकाचं शीर्षक देवघेवीच्या नोंदीत कॉपी करताना. पण विचार करून बघा, शीर्षक बदलतं कधी? टायपो दुरुस्त केला तर, म्हणजे वर्षातून चारदा. आणि वाचलं जातं दिवसात हजारो वेळा. मग चार वेळची दुरुस्ती महाग पडली तरी पडू दे. उलट प्रतीची स्थिती, आत आहे की बाहेर, ही दिवसातून दहादा बदलते, ती मी कुठेच कॉपी केली नाही, एकाच ठिकाणी ठेवली. काही गोष्टी तर अशा असतात की कॉपी हीच खरी, म्हणजे दंड लावला तेव्हा दर काय होता तो त्या पावतीच्या नोंदीतच पाहिजे, उद्या दर बदलला म्हणून मागची पावती बदलायला नको. रिलेशनलमध्येही शहाणे लोक हे असंच करतात, मात्र तिथे ते करताना थोडं अपराधी वाटतं.

दुसरा मोह म्हणजे सगळं एकाच नोंदीत कोंबायचा, वाचकाच्या नोंदीतच त्याच्या सगळ्या देवघेवींची यादी. सुरुवातीला फार छान वाटतं. पण एका नोंदीची कमाल मर्यादा ४०० केबी, म्हणजे ५०० बाइटच्या आठशेच्या आसपास देवघेवी झाल्या की भिंत लागली, आणि भराभर वाचणारे काही लोक तिथे पोचतात हो. त्याच्याही आधी दुसरं दुखणं सुरू होतं, लिहायचं माप १ केबीला एक युनिट आणि ते पूर्ण नोंदीच्या आकारावर लागतं, तुम्ही त्यातला एक शब्द बदला नाहीतर सगळं बदला. म्हणजे ३०० केबीच्या नोंदीत 'परत केलं' एवढी खूण करायला ३०० युनिट. जे वाढतच जाणार आहे ते आत ठेवायचं नाही, त्याला स्वतःची नोंद द्यायची. वाचकाचे दोन-तीन फोन नंबर आत ठेवा की, ते काय आठशे होणार नाहीत.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती 'आज परत करायची' या प्रश्नाची. सगळ्या देवघेवी तारखेच्या इंडेक्समध्ये टाकल्या असत्या तर जुन्या, कधीच परत आलेल्या नोंदीही तिथे पडून राहिल्या असत्या. पण या डेटाबेसमध्ये ज्या नोंदीत इंडेक्सचं फील्ड आहे तीच इंडेक्समध्ये जाते, फील्ड नसेल तर जात नाही. म्हणून पुस्तक बाहेर गेलं की नोंदीवर 'बाकी_तारीख' लावायची, परत आलं की ते फील्ड काढूनच टाकायचं. नोंद राहते, इंडेक्समधून मात्र आपोआप गळते. इंडेक्समध्ये कायम फक्त बाहेर असलेली पुस्तकं. रिलेशनलमध्येही अर्धवट इंडेक्स करता येतो काही ठिकाणी, पण इथे न मागता मिळतो. फक्त एक लक्षात ठेवायचं की असा सगळ्या टेबलावरचा 'ग्लोबल' इंडेक्स मूळ टेबलाच्या किंचित मागे चालतो, पुस्तक परत घेतल्या घेतल्या त्या यादीत अर्धा क्षण दिसू शकतं, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय.

याच जागी लोक मला हॉट पार्टिशनची, म्हणजे एकाच भागावर सगळा भार पडण्याची, भीती घालतात. एका पार्टिशनला सेकंदाला ३,००० वाचन युनिट आणि १,००० लेखन युनिट एवढी मर्यादा, त्यामुळे आजची तारीख हीच किल्ली केली की आजचं सगळं लिखाण एकाच जागी आदळतं आणि बाकीची मशीनं माशा मारत बसतात. बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे तारखेला शेपूट लावायची, ० ते ९, लिहिताना कुठलाही एक आकडा, वाचताना दहाही कप्पे उघडून एकत्र करायचे. पण आमच्याकडे सेकंदाला हजार पुस्तकं परत येत नाहीत, कुठल्याच ग्रंथालयात येत नाहीत, तरी मी एका कॉन्फरन्समध्ये ऐकून आलो म्हणून शेपटं लावली आणि सहा महिने प्रत्येक वाचनाला दहा फेऱ्या मारल्या. नंतर काढली.

आता क्रमाबद्दल, कारण इथे मराठी माणसाला वेगळा फटका बसतो आणि याबद्दल कोणी लिहीत नाही. मजकुराच्या किल्ल्या बाइटच्या क्रमाने लागतात. त्या मजकुरातले आकडे, तारखा, भाषा डेटाबेसला काही कळत नाही, डावीकडून एकेक बाइट बघतो. त्यामुळे 'प्रत-१०' ही 'प्रत-९' च्या आधी येते, म्हणून ००००९ आणि ०००१० असे शून्य भरून लिहावे लागतात. तारीख १५-०३-२०२४ अशी लिहिलीत तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात, म्हणून वर्ष आधी. एवढं सगळ्यांना एकदा आपटल्यावर कळतं.

पण मी शीर्षकांची यादी किल्लीतून लावली होती. एके दिवशी फोन आला की ॲटलास सापडत नाहीत. होते, पण यादीच्या तळाशी, ह च्याही खाली. युनिकोडमध्ये, जिथे प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो, ॲ हे अक्षर नंतर जोडलं गेलं म्हणून त्याचा नंबर ह च्या पुढचा आहे. ळ चा नंबर ल च्या लगेच पुढे, त्यामुळे 'काळ' येतं 'काव' च्या आधी, आपण वर्णमालेत ळ ह नंतर शिकलोय. क्ष ने सुरू होणारं सगळं क च्या जवळजवळ शेवटी, कारण आतून ते क, हलन्त आणि ष असंच असतं. रिलेशनलमध्ये मराठीचं कोलेशन, म्हणजे अक्षरं लावायचा क्रम, निवडलं की ही डोकेदुखी डेटाबेस घेतो, इथे तुमची तुम्हाला.

क्रम चुकला तर निदान दिसतं. त्याहून वाईट म्हणजे सारखी दिसणारी दोन अक्षरं. ॲ हे एक अक्षर म्हणून टाइप करता येतं, आणि अ वर चंद्र देऊनही करता येतं. स्क्रीनवर दोन्ही एकच. बाइट वेगळे. 'दऱ्या' मधला तो अर्धा र दोन पद्धतीने लिहिता येतो, एकात मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. एका माणसाने एका कीबोर्डवर नोंद केली, दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधली, डेटाबेस म्हणतो अशी किल्लीच नाही. मी दीड दिवस दोन सारख्या शब्दांकडे बघत होतो. शेवटी दोन्हींचे बाइट छापले तेव्हा उजेड पडला. आणि युनिकोडचं जे प्रमाणित नॉर्मलायझेशन आहे ते ॲ च्या या दोन रूपांना एक करत नाही, ते स्वतःच्या कोडमध्ये करावं लागतं. तेव्हापासून माणसाने टाइप केलेलं काहीही किल्लीत जात नाही, किल्लीत फक्त आम्ही दिलेले नंबर, आणि यादीसाठी क्रमाचं वेगळं फील्ड आम्ही बनवतो. शिवाय देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं आणि इथे फील्डचं नावसुद्धा प्रत्येक नोंदीत आकारात मोजतात, 'परत_करायची_तारीख' एवढं नावच ४४ बाइट होतं, आतली तारीख इंग्रजी आकड्यांत १०. म्हणून रोमन.

मग ज्या गोष्टी फुकट मिळायच्या त्या. एकाच ईमेलवर दोन वाचक नकोत, रिलेशनलमध्ये युनिक लिहिलं की विषय संपला. इथे फक्त किल्ली युनिक असते, म्हणून ईमेललाच किल्ली करायचं, 'ईमेल#…' अशी एक रिकामी नोंद, आणि वाचकाची नोंद व ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील नाहीतर एकही नाही) लिहायची, अट अशी की आधीपासून नसेल तरच. ट्रान्झॅक्शन आहेत, २०१८ च्या शेवटी आली, आधी १० नोंदींची मर्यादा होती, मग २५ झाली, २०२२ पासून १०० आहे. एकच प्रत दोघांना जाऊ नये म्हणून लिहिताना अट घालायची की स्थिती 'आत' असेल तरच 'बाहेर' कर. फॉरेन की, म्हणजे एका नोंदीला दुसरीशी बांधून ठेवणारा नियम, मात्र नाही म्हणजे नाहीच. पुस्तक उडवलं तर त्याच्या प्रती अनाथ होऊन पडून राहतात आणि कोणी ओरडत नाही. आम्ही महिन्यातून एकदा अशा अनाथांची मोजणी करतो.

आणि अल्टर टेबल, म्हणजे सगळ्या टेबलाचा साचा एका आज्ञेत बदलणं, नाही. लेखात हा फायदा म्हणून सांगितलाय, कधीही नवं फील्ड टाका. टाका की. पण जुन्या नोंदी जुन्याच आकाराच्या राहतात आणि वाचणाऱ्या कोडला सगळे आकार माहीत असावे लागतात. आमच्या प्रत्येक नोंदीत 'आवृत्ती' असं फील्ड आहे, आज ती ४ वर आहे, आणि कोडमध्ये १ ची २, २ ची ३, ३ ची ४ करणारी फंक्शनं आहेत, जुनी नोंद वाचली की पायऱ्या चढवून वर आणायची आणि परत लिहिली गेली तर नव्या रूपात. म्हणजे स्कीमाचा पूर्ण इतिहास कोडमध्ये वागवतोय आम्ही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत आवृत्तीचं फील्डच नव्हतं, त्या नोंदींचं वय आम्ही त्यात काय नाही यावरून ओळखतो.

मग मी याच्या विरोधात आहे का, तर नाही. वाचकाचं पान आता एका फेरीत येतं, आणि डेटा पाचपट झाला तरी त्याला लागणारा वेळ हलला नाही, ही गोष्ट मला रिलेशनलमध्ये इतक्या निवांतपणे कधी मिळाली नव्हती. पण खरं विचाराल तर त्या वेळच्या दोन लाख नोंदी एका साध्या मशीनवरच्या रिलेशनल डेटाबेसमध्ये सुखाने मावल्या असत्या, निर्णय वरून आला होता आणि आम्हालाही नवीन शिकायची खाज होती. ज्याला पुढे काय प्रश्न येणार ते अजून माहीत नाही, म्हणजे कुठलंही नवीन काम सुरू करणारा, त्याने डोळे मिटून रिलेशनल घ्यावं असं मी सांगेन. आणि रिपोर्ट, म्हणजे कुठल्या महिन्यात कुठल्या विषयाची किती पुस्तकं गेली असले प्रश्न, ते आम्ही इथे विचारतच नाही. प्रत्येक बदलाची नोंद स्ट्रीममधून बाहेर येते, ती २४ तास टिकते, तेवढ्यात ती उचलून एका रिलेशनल डेटाबेसमध्ये टाकतो आणि तिथे मनसोक्त जॉइन मारतो. म्हणजे पंधरा वर्षांची विद्या वाया गेली नाही.

तुमच्या लेखकांना एवढीच विनंती की पुढच्या भागात स्कीमालेस हा शब्द जरा जपून वापरा, नवशिकी मुलं तो खरा धरतात. मीही धरला होता आणि मी काही नवशिका नव्हतो.

हे लिहीपर्यंत जॉब ६२ टक्क्यांवर आलाय. काय चाललंय ते सांगायचं राहिलंच. गेल्या आठवड्यात त्याच ग्रंथपाल बाईंचा फोन आला, वाचक समोर उभा असताना त्याने याआधी याच विषयाची कुठली पुस्तकं नेलीत ते बघायचंय. कागदावर हा प्रश्न नव्हता. रिलेशनलमध्ये एक जॉइन, पाच मिनिटांचं काम. इथे देवघेवीच्या नोंदीत विषयच नाही, म्हणून दहा लाख जुन्या नोंदी एकेक उघडून प्रत्येकीत 'विषय#तारीख' असं फील्ड भरतोय, त्यावर नवा इंडेक्स बसेल. लाइव्ह कामाला धक्का लागू नये म्हणून मुद्दाम सेकंदाला ऐंशीच्या वेगाने. बाईंना सांगितलं चौथा कप्पा करतोय, त्या म्हणाल्या सावकाश करा, आमच्याकडे कार्डं लिहायला दोन वर्षं लागली होती.

आपला,
एक जुना रिलेशनलवाला